कोर्टातल्या महिला मदत कक्षाचा अनुभव, नणंदेच्या डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या केसच्या निमित्ताने

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो तिथे बसणाऱ्या ताईंचा नाही, त्यांना दिलेल्या जागेचा आणि दिवसांचा कापलाय, ते पुढे येईलच.

ही सेवा म्हणजे काय तर मुंबईतल्या सेंट्रल लाईनवरच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात पहिल्या मजल्यावर एक छोटी खोली आहे, दारावर साध्या कागदावर प्रिंट काढून चिकटवलंय 'महिला मदत कक्ष', आत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला लागून एक बाकडं, बस. घरात मारहाण होते, छळ होतो अशी बाई कोर्टात आली की तिने कुठे जायचं, कुठला कागद भरायचा, कोणाशी बोलायचं, नंबर लागेपर्यंत बसायचं कुठे, हे सगळं तिथे सांगतात आणि नुसतं सांगत नाहीत तर बरोबर येतात. एका संस्थेच्या दोन ताई चालवतात, एक रुपया घेत नाहीत. कोर्टाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण केस अजून चालू आहे आणि समोरची माणसं सगळं वाचत असतात, त्यासाठी एकदोन तपशील बदललेत पण जे घडलं ते तसंच लिहितेय.

मी वहिनी. केस माझ्या धाकट्या नणंदेची. तिचं सासर नाशिककडचं. गेल्या वर्षी एका सकाळी सहाच्या सुमारास ती पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली, रात्रीच्या एसटीने आली होती, पायात घरातल्या स्लिपर आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी, त्यात मुलीचे दोन फ्रॉक आणि शाळेची वही. डावा कान धरून होती. पहिले दोन दिवस आमच्याकडे कोणी काही विचारलं नाही तिला, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हळूच विचारलं की किती दिवसांसाठी आलीस. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनीही आयुष्यभर हेच ऐकलंय की जुळवून घ्यायचं असतं, पण लेकीच्या तोंडाकडे बघून मला त्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं.

पोलीस स्टेशनला गेलो तर एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि सांगितलं की सासर तिकडचं, सगळं तिकडे घडलं, तिकडच्या कोर्टात जा, इथे काही होणार नाही. आम्ही ते खरं धरलं. आठवडाभर घरात एकच चर्चा, दर तारखेला नाशिकला जायचं कसं, मुलीला कुठे ठेवायचं, तिथे उतरायचं कोणाकडे. हे साफ चुकीचं होतं. डीव्हीच्या कायद्यात कलम 27 मध्ये सरळ लिहिलंय की बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, म्हणजे माहेरी आली तर माहेरच्या कोर्टात. हे आम्हाला कळलं ते या खोलीत, पहिल्या दहा मिनिटांत. फक्त या एका वाक्यासाठीसुद्धा मी चार स्टार दिले असते.

तिथे पोचलो कसे तर कान दाखवायला तिला मनपाच्या हॉस्पिटलात नेलं होतं, डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं, ती म्हणाली बाथरूममध्ये पडले. डॉक्टर काही बोलले नाहीत, चिठ्ठी लिहून तळमजल्यावरच्या दिलासा विभागात पाठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिलासा हे महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने मिळून 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सुरू केलेलं केंद्र, आता मनपाच्या इतरही काही हॉस्पिटलांत आहे. तिथल्या बाईंनी दार लावून घेतलं, मला बाहेर बसायला सांगितलं, आणि पाऊण तासाने नणंद बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एका कागदावर लिहिलेलं होतं, अमुक कोर्ट, पहिला मजला, मंगळवार किंवा गुरुवार. केसपेपरवर खरं कारण लिहून घेतलं होतं. तो केसपेपर नंतर फार कामाला आला.

आता कोर्टाचं सांगते. ज्यांनी मॅजिस्ट्रेट कोर्ट आतून बघितलं नसेल त्यांना कल्पना नसते. सकाळी अकराला गर्दी उसळते, काळे कोट, हातकडी घातलेले आरोपी आणि त्यांचे पोलीस, चेक बाउन्सवाले, ट्रॅफिकचे दंड भरायला आलेले, बाहेर भिंतीवर बोर्ड लावलेला असतो त्यात आपला नंबर शोधायचा, पुकारा झाला की पळत आत जायचं, पुकारा ऐकू आला नाही तर मॅटर पुढे. बसायला बाकडी मोजकी, त्यावर आधीच माणसं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरची पार्टी त्याच कॉरिडॉरमध्ये, चार हातांवर उभी असते. ज्या माणसाच्या भीतीने बाई रात्रीची एसटी पकडून पळाली त्याच माणसासमोर तिने तीन तास उभं राहायचं आणि मग आत जाऊन नीट बोलायचं, अशी अपेक्षा असते. कोर्टरूममध्ये आपण असतो पाच मिनिटं, कधी दोनच. बाकी सगळा दिवस कॉरिडॉर. केस खरी तिथे जिंकतात नाहीतर हरतात असं माझं मत झालंय.

पहिल्यांदा गेलो तो गुरुवार. मोठ्या ताई होत्या, पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा साखळीला. त्यांनी आधी पाणी दिलं, मुलीला खडू आणि पाठकोरे कागद दिले आणि मला म्हणाल्या, वहिनी तुम्ही मुलीजवळ बाकड्यावर बसा, यांना बोलू दे. मग त्यांनी डीआयआर भरायला घेतला. डीआयआर म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, नमुना क्रमांक 1, संरक्षण अधिकारी किंवा नोंदणी केलेली सेवा देणारी संस्था तो भरू शकते आणि पुढे मॅजिस्ट्रेटसमोर जातो. मला वाटलं वीस मिनिटांचं काम असेल. तीन तास लागले.

कारण काय तर नणंदेने सुरुवातच केली की तसं मारलं फक्त दोनदाच. ताई म्हणाल्या बरं, ते लिहू, आता पगाराचं सांगा. ती एका क्लासमध्ये शिकवायची लग्नानंतर, महिना अकरा हजार मिळायचे. कार्ड कोणाकडे? सासूकडे. पिन? नवऱ्याने ठेवलेला. रिक्षाला पैसे? मागून घ्यायचे, हिशोब द्यायचा. फोन? रात्री तपासायचे. माहेरी फोन? स्पीकरवर. ताई लिहित गेल्या आणि ती सांगत गेली, आणि मधेच थांबून तिने विचारलं, हे पण लिहायचं असतं का? ताईंनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की या कायद्यात हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही, कलम 3 मध्ये चार प्रकार दिलेत, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आणि आर्थिक, तुमचा पगार काढून घेणं हे चौथ्यात येतं. माझी नणंद सात वर्षं त्या घरात राहिली, तिला वाटत होतं की आपल्याकडे सांगण्यासारखं दोन थपडांपलीकडे काही नाही. ती त्यानंतर जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. मी मुलीला घेऊन खाली वडापाव आणायला गेले.

ज्यांना कायदाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण मलाही माहीत नव्हता आणि मी शिकलेली आहे, नोकरी करते. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. यात घटस्फोट मागावा लागत नाही, कोणाला जेलात पाठवायची केस नाही ही, म्हणजे सासरच्या छळाचं जुनं फौजदारी कलम 498 अ किंवा 1 जुलै 2024 पासून जे भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालंय ते वेगळं, हे वेगळं. यात मागता येतं ते असं की त्याने त्रास देऊ नये, घरी शाळेत कामाच्या ठिकाणी येऊ नये, राहायला घर किंवा भाडं द्यावं, महिन्याचा खर्च द्यावा, मूल तात्पुरतं माझ्या ताब्यात असावं, नुकसानभरपाई द्यावी आणि माझं स्त्रीधन परत द्यावं. आणि हा फक्त बायकोसाठी नाही. त्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक सत्तरीच्या आजी बसल्या होत्या, चाळीतली खोली मुलाच्या नावावर करून दिली आणि आता मुलगा हात उचलतो, त्यांचाही अर्ज याच कायद्याखाली. आई, बहीण, मुलगी, लग्न न करता एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना चालतो.

नवऱ्याकडच्यांचं कायम पालुपद होतं की घर सासऱ्यांच्या नावावर, तुझा काय संबंध. ते ऐकून आमचे हे पण गप्प बसायचे. ताईंनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाने 15 ऑक्टोबर 2020 ला सतीश चंदर आहुजा केसमध्ये स्पष्ट केलंय, घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथे संसार करून राहत असेल तर ते सामाईक घर धरता येतं आणि तिला राहण्याचा हक्क मागता येतो. नणंदेला परत त्या घरात जायचं नव्हतंच, म्हणून तिने भाडं मागितलं, पण तुझा काय संबंध हे वाक्य तिच्या डोक्यातून त्या दिवशी निघालं ते मला दिसलं. जाताना लोकलमध्ये ती खिडकीजवळ उभी राहून म्हणाली, वहिनी, म्हणजे मी तिथे पाहुणी नव्हते.

वकिलाचं पण सांगते. त्याआधी कोर्टाच्या गेटबाहेर एका वकिलांनी आम्हाला चाळीस हजार सांगितले होते आणि पहिल्यांदा 498 टाकू मग बघू असा सल्ला दिला होता. आम्ही जमवाजमव सुरूही केली होती, तिचे उरलेले कानातले मोडायचं ठरत होतं. मोठ्या ताईंनी विचारलं, विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलात का? आम्ही म्हटलं आम्ही काय अगदी गरीब नाही हो. तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम 12 मध्ये आहे की बाई असली की उत्पन्न किती ते बघत नाहीत, मोफत वकील मिळतो. श्रीमंत असली तरी. हे किती बायकांना माहीत असेल? माझ्या ऑफिसात मी बारा जणींना विचारलं, एकीलाही माहीत नव्हतं. ताई स्वतः खाली त्या ऑफिसपर्यंत आल्या, अर्ज भरून घेतला. मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, मेहनती होत्या, मधे एकदा बदलल्या आणि नव्या मॅडमना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं तेव्हा त्रास झाला, पण ताईंकडच्या फाईलमध्ये सगळं तारीखवार लावलेलं होतं म्हणून निभावलं.

पहिली तारीख. कायदा म्हणतो अर्ज आला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. आम्हाला पहिली तारीख मिळाली तेविसाव्या दिवशी आणि आज चौदावा महिना चालू आहे. यात मदत कक्षाचा काही दोष नाही हे सरळ आहे, पण तिथे जाणाऱ्या बाईने हे मनात धरून जावं म्हणून लिहितेय, नाहीतर दर तारखेला कोसळायला होतं. ताईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी हे खरं सांगितलं होतं. खोटी आशा दाखवली नाही. ते मला फार आवडलं.

तर नोटीस पोचल्यानंतरच्या पहिल्या तारखेला तो आला. बरोबर आई, मोठे काका, दोन मित्र, आणि मित्रांचं काय काम होतं ते तेच जाणोत. कॉरिडॉरच्या टोकाला उभे राहिले आणि सगळे एकत्र आमच्याकडे बघायला लागले. नणंदेचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत गेला ते मला कळत होतं. तेवढ्यात मोठ्या ताई जिन्यातून आल्या, काही बोलल्या नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला सरळ खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावलं. आम्ही आत बसलो. त्या बाहेर उभ्या राहिल्या, बोर्ड बघितला, नंबर एकतीस, पट्टेवाल्याला सांगून आल्या, दर अर्ध्या तासाने आत येऊन सांगायच्या आता चौदा झाला, आता एकोणीस. मधल्या वेळात नणंदेला एवढंच सांगितलं की आत गेल्यावर त्याच्याकडे बघू नका, मॅजिस्ट्रेट मॅडमकडे बघा, विचारलं तेवढंच सांगा, आठवलं नाही तर आठवत नाही म्हणा. काय बोलायचं ते पढवलं नाही, मी कान देऊन ऐकत होते. पुकारा झाला तेव्हा त्या नणंद आणि त्याच्या लोकांच्या मधून चालत गेल्या, म्हणजे स्वतः त्या बाजूने आणि नणंद भिंतीच्या बाजूने. कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर बसून राहिल्या. एवढंच केलं. कागदावर लिहायला गेलं तर यात काहीच नाही, कुठल्या रिपोर्टात हे कसं दाखवणार मला माहीत नाही, पण माझ्या नणंदेच्या केसमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते कारण उलटं पण बघितलंय. खोली फक्त मंगळवार आणि गुरुवारी उघडी असते. अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाच्या अर्जाची तारीख नेमकी सोमवारी लागली. तारीख काही आपण ठरवत नाही. त्या दिवशी दाराला कुलूप, आम्ही कॉरिडॉरमध्ये उभे, मुलीला पण न्यावं लागलं होतं कारण सासूबाईंना ताप होता. अकरा ते पावणेदोन. मग लंच. मग परत. त्या मधल्या वेळात त्याची आई जवळ आली आणि मुलीसमोर खाली बसून म्हणाली, चल ग पप्पांकडे, पप्पा रोज रडतात, नवीन सायकल आणलीये. मुलगी आजीकडे बघते, आईकडे बघते. मी मधे पडले, काका अंगावर आले, आजूबाजूच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. नणंद जिन्याजवळ जाऊन ओकली. आणि परत आल्यावर वकील मॅडमना म्हणाली, मॅडम मला मागे घ्यायची केस, मला नको काहीच. सात महिन्यांचं सगळं त्या दोन तासांत गेलं असतं. वकील मॅडम शहाण्या, त्यांनी सांगितलं आज काही सही करू नका, गुरुवारी ताईंना भेटून मग मला सांगा. गुरुवारी ताईंनी तिला मागे घेऊ नका असं एकदाही सांगितलं नाही, फक्त विचारलं, तुम्हाला केस नकोय की तो कॉरिडॉर नकोय? ती बराच वेळ रडली आणि म्हणाली कॉरिडॉर.

म्हणून तो एक स्टार. आठवड्यातले दोन दिवस हा काय प्रकार आहे? कोर्ट निदान पाच दिवस चालतं, मारहाण सात दिवस होते. मी ताईंना विचारलं तर म्हणाल्या संस्थेकडे एवढेच पैसे आहेत आणि बाकीचे दिवस त्या दुसऱ्या कोर्टात असतात. म्हणजे दोष त्यांचा नाही. पण बाईच्या तारखेला कुलूप असेल तर तिला याचं काय.

अजून तक्रारी आहेत, त्याही लिहिते. खोलीची खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडते आणि तिची काच फुटलीये, पुठ्ठा लावलाय, आत रडलेलं बाहेर ऐकू येतं. बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे जाताना परत त्याच गर्दीतून जायचं. मुलांसाठी ते खडू आणि कागद सोडून काही नाही. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात निदान मुलांसाठी वेगळी जागा आहे, समुपदेशक आहेत, कारण 1984 च्या फॅमिली कोर्टाच्या कायद्यातच समुपदेशक नेमायची तरतूद आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टात तसं काही नाही, आणि डीव्हीच्या केसेस मात्र बहुतेक इथेच येतात. आणि एक बोचलेली गोष्ट म्हणजे धाकट्या ताई नवीन होत्या तेव्हा एकदा म्हणाल्या, बघा हो, लहान मूल आहे, मिटत असेल तर बरं. नणंदेचा चेहरा पडला. मी तिथेच बोलले नाही, मोठ्या ताईंना नंतर सांगितलं. पुढच्या वेळी धाकट्या ताईंनी स्वतःहून विषय काढला, माझं चुकलं म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांचं वागणं खरंच बदललं. पण खोलीच्या बाहेर सगळं जग मिटवा मिटवा म्हणत असतं, आत तरी तो शब्द बाईच्या तोंडून आधी यायला हवा.

संरक्षण अधिकारी म्हणून सरकारने नेमलेल्या मॅडम पण भेटल्या. माणूस म्हणून चांगल्या, पण टेबलावर फायलींचा ढीग, फोन सतत चालू. नोटीस पोचवण्याची जबाबदारी कायद्याने त्यांची, दोन दिवसांत पोचवायची असं कलम 13 मध्ये आहे, आमची पोचायला महिना गेला कारण पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. ताई दर गुरुवारी त्यांना फोन करून विचारायच्या म्हणून तो महिना तरी लागला, नाहीतर किती लागला असता.

अंतरिम ऑर्डर शेवटी झाली, तिचे नऊ हजार, मुलीचे सहा, अर्जाच्या तारखेपासून. भाड्याचं अजून बाकी आहे. स्त्रीधन परत करायचा आदेश झाला, मंगळसूत्र आणि दोन पाटल्या मिळाल्या, भांडी नाही मिळाली, तिची बीएडची सर्टिफिकेटं मिळाली आणि त्यावर ती मंगळसूत्रापेक्षा जास्त खूश झाली. ऑर्डरची कॉपी पार्टीला फुकट द्यायची असते, कलम 24, हे पण ताईंनीच सांगितलं, आम्ही पाकिटात पैसे घेऊन रांगेत उभे होतो. त्यांनी दोन झेरॉक्स काढायला लावल्या, एक आमच्या पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्यायला लावली आणि एक शाळेत मुख्याध्यापिकांकडे ठेवायला लावली. मला शाळेचं जरा जास्तच वाटलं होतं. तीन आठवड्यांनी तो शाळेच्या गेटवर आला. शाळेने मुलीला सोडलं नाही, आम्हाला फोन केला, आणि पोलिसांनी यावेळी तिकडे जा म्हटलं नाही कारण हातात संरक्षणाचा आदेश होता, तो मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे ताईंनी ऑर्डरच्या मागे पेन्सिलीने लिहून दिलं होतं आणि नणंदेने ते वाचून दाखवलं. तिने. मी नाही. मी तिच्या मागे उभी होते.

पैसे मात्र पहिले तीन महिने आलेच नाहीत. मग वकील मॅडमनी आणि ताईंनी मिळून अर्ज दिला की त्याच्या कंपनीलाच सांगा पगारातून कापून परस्पर द्या, अशी सोय कलम 20 मध्ये आहे. आता महिन्याच्या सात तारखेला तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. कार्ड तिच्याकडे, पिन तिच्याकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईत पोलिसांकडे बाईसोबत बसणारी माणसं ठेवायची सुरुवात 1984 ला झाली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात विशेष कक्ष सुरू केला तेव्हा. हॉस्पिटलात दिलासा येऊन पंचवीसेक वर्षं होतील. म्हणजे बाई पोलिसात गेली, हॉस्पिटलात गेली तर सोबत असावी हे आपल्या शहराने इतरांच्या आधी ओळखलं. मग ती कोर्टात पोचते, जिथे तिला समोरासमोर उभं करतात, तिथे ही सोबत एखाद्या संस्थेच्या पैशावर आणि दोन दिवसांच्या कुलपावर का अवलंबून असावी? प्रत्येक मॅजिस्ट्रेट कोर्टात, रोज, दाराला आतून कडी असलेली एक खोली आणि त्यात एक जाणती बाई, याला फार मोठा खर्च येत असेल असं मला वाटत नाही.

कोणाला जायचं असेल तर सांगते, आधी आपल्या भागातल्या कोर्टात असं काही आहे का आणि कुठल्या दिवशी ते विचारून घ्या, 181 ही महिला हेल्पलाईन आहे, मोफत वकिलासाठी 15100 आहे, जीवावर बेतलं असेल तर सरळ 112. जाताना आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा नसला तर लग्नाचे फोटो, हॉस्पिटलचे सगळे केसपेपर, एनसीची कॉपी, बँकेचं पासबुक, त्याचे मेसेज असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट एखाद्या विश्वासू माणसाच्या फोनवर पाठवून ठेवलेले, असं जे सापडेल ते न्या, पण कागद नाहीत म्हणून जायचं थांबवू नका, आमच्याकडे पहिल्या दिवशी एक केसपेपर आणि एक शाळेची वही होती. केस नंबर पडला की सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो ईकोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते, उगाच फेरी पडत नाही. आणि शक्य झालं तर एकटीला पाठवू नका. नवऱ्याची बहीण असो, भावाची बायको असो, शेजारीण असो, तिच्याबरोबर रजा टाकून जा. मी चौदा महिन्यांत अकरा रजा टाकल्या, ऑफिसात सगळ्यांना कारण खरं सांगितलं, आणि त्यातल्या दोघींनी नंतर मला बाजूला घेऊन त्या खोलीचा पत्ता विचारला.

पुढची तारीख या गुरुवारी आहे, नणंदेची उलटतपासणी. मोठ्या ताईंनी साडेदहाला बोलावलंय, म्हणाल्या आधी अर्धा तास नुसतं बसू, नंबर काही लंचच्या आधी लागत नाही, डबा घेऊन या.